बेतकरी

गणपती गेले, पितृपक्षात कावळ्यांची मिजास सांभाळून झाली आणि घटातलं धान वर आलं, की आमच्या मित्रमंडळातल्या एका माणसाच्या अंगात येतं. एरवी हा माणूस चारचौघांसारखाच. सकाळची डोंबिवली फास्ट, दुपारी डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेरची कोथिंबीर आणि घर. पण अश्विन लागला की त्याची चाल बदलते. रविवारी सकाळी कोपऱ्यावर चहा घेताना, कुणी काही विचारलेलं नसताना, तो बशी खाली ठेवतो आणि म्हणतो, "मग? यंदा दिवाळीत काय करायचं?"

हा बेतकरी. असा एक नग प्रत्येक मित्रमंडळात असतो. सोसायटीत असतो, ऑफिसात असतो, शाळेच्या बॅचमध्ये तर हमखास असतो. बेत पेरायचा, त्याला खतपाणी घालायचं, तो डोलायला लागला की सगळ्यांना बांधावर बोलावून दाखवायचा आणि ऐन कापणीच्या वेळी कीड लागल्याचं जाहीर करायचं, एवढं काम तो वर्षानुवर्षं निष्ठेने करतो.

कुठे जायचं, हा त्याचा पहिला प्रश्न कधीच नसतो. पहिला प्रश्न असतो, "मुळात दिवाळी आहे कधी?" त्याच्या घरी कालनिर्णय दोन असतात. एक वहिनींचं, स्वयंपाकघरात, ज्याच्यावर दूध, सिलिंडर आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिलेले असतात. दुसरं त्याचं स्वतःचं, टीव्हीशेजारच्या खिळ्यावर. त्याच्यावर फक्त पेन्सिलीची वर्तुळं. पेन्सिलच का, तर तारखा बदलतात. ते कालनिर्णय खिळ्यावरून उतरलं, की पुढची पंधरा-वीस मिनिटं त्याची.

"हे बघ, २०२३ला अधिक श्रावण आला, म्हणून लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. मग २०२४ला १ नोव्हेंबर. २०२५ला थेट २१ ऑक्टोबर. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतं. आणि २०२६ला अधिक ज्येष्ठ, म्हणून पुन्हा ८ नोव्हेंबर." हे सगळं तो अशा सुरात सांगतो, की पंचांगकर्त्यांनी छापण्याआधी त्याची सही घेतली असावी असं वाटतं. पण या हिशेबात तथ्य आहे हे कबूल केलं पाहिजे. एकवीस ऑक्टोबरची दिवाळी आणि आठ नोव्हेंबरची दिवाळी या दोन वेगळ्या दिवाळ्या असतात. पहिलीत अभ्यंगस्नान करून बाहेर आलेला माणूस पंख्याखाली उभा राहून पुन्हा घामाने न्हातो आणि उटण्यापेक्षा घामोळ्याची पावडर बरी असं त्याला वाटतं. दुसरीत पहाटे निदान चादर ओढावीशी वाटते. बेतकऱ्याच्या मते सहलीचं सगळं भवितव्य या अठरा दिवसांत आहे.

तारीख ठरली की मग ठिकाण. इथे त्याची खरी प्रतिभा दिसते. बेत मांडणारा तोच, आणि तो मोडणाराही तोच. दुसऱ्या कुणाला विरोध करायची संधी तो देत नाही.

"कास पठार?" कुणीतरी बिचारा बोलून जातो.

"सप्टेंबरात हो म्हणायला हवं होतं. दिवाळीपर्यंत तिथे फुलं कुठली? वाळलेलं गवत आणि सेल्फी काढायला आलेले आपल्यासारखे."

"मग महाबळेश्वर."

"स्ट्रॉबेरी लागायची असते अजून. नुसता मक्याचा चिवडा घेऊन येणार का?"

"माथेरान?"

"नेरळची गाडी पावसाळ्यात बंद असते. ती दिवाळीपर्यंत पुन्हा सुरू होईल याची हमी तू देतोस? नाहीतर दस्तुरी नाक्यावर गाड्या लावायच्या आणि पुढे सामान डोक्यावर. वर घोडेवाल्यांशी हुज्जत."

"भंडारदरा तरी?"

"धबधबे आटलेले, थंडी आलेली नाही. काय बघणार, विल्सन धरणाची भिंत?"

ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मुद्दाम खोडा घालतोय. तसं नाही. महाराष्ट्रातली दिवाळीची सुट्टी खरोखरच अडनिड्या वेळी येते. पाऊस नुकताच गेलेला असतो, त्यामुळे हिरवळ पिवळी पडायला लागलेली. थंडी पुण्याच्या पुढे पोचलेली नसते. स्ट्रॉबेरीला अवकाश, हुरड्याला त्याहून अवकाश, आणि आंब्याचं तर नावच काढायला नको. ज्याच्यासाठी म्हणून एखाद्या ठिकाणी जायचं, ते एक तर गेल्या महिन्यात होऊन गेलेलं असतं किंवा पुढच्या महिन्यात येणार असतं. कवींनी शरदाचं चांदणं पाहिलं ते बरोबरच होतं, पण त्यांना हॉटेलचं बुकिंग करायचं नव्हतं. बेतकऱ्याला ही फट नेमकी ठाऊक आहे. किंबहुना तो त्या फटीतच राहतो.

बंद असण्याचे वार तर त्याला तोंडपाठ. "अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. भाऊबीज करून निघालो तर आपण तिथे पोचणार नेमके सोमवार-मंगळवारी. तेव्हा पाणचक्की बघा आणि परत या." ताडोबाचं नाव काढलं की म्हणतो, "कोअर एक ऑक्टोबरला उघडतं ते खरं, पण मंगळवारी बंद असतं." या माणसाने अजिंठा पाहिलेलं नाही. वेरूळही नाही. वाघ पाहिला तो राणीच्या बागेत. पण कुठलं दार कुठल्या वारी बंद, हे विचारायचं असेल तर पुरातत्त्व खात्याने त्याच्याकडे यावं.

कोजागिरी हा त्याचा खरा सण. सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या पडतात, मोठ्या पातेल्यात दूध आटतं, चारोळी आणि केशराच्या वासाने माणसं सैल होतात. ज्यांना मधुमेह आहे ते 'आज एक पेला चालतो' असं स्वतःच्या अधिकारात जाहीर करतात. मुलं डास मारण्यात, बायका एकमेकींच्या फराळाच्या ऑर्डरी ऐकण्यात. आणि टाकीच्या भिंतीला टेकून बसलेल्या आठ-दहा पुरुषांच्या मधोमध बेतकरी.

पहिल्या पेल्याला बेत साधा असतो. कर्जतला कुणाच्या तरी मेव्हण्याचं फार्महाउस आहे, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दुसऱ्या पेल्याला कुणीतरी म्हणतं, "एवढं जायचंच तर मुक्कामाला जाऊ," आणि बेत दापोलीला पोचतो. दूध आटत जातं तसा बेत वाढत जातो. दापोलीपर्यंत गेलोच तर गणपतीपुळे किती लांब? गणपतीपुळ्यापर्यंत गेलोच तर मालवण? मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यानंतर सुरू झालेल्या असतात, तारकर्लीला एक रात्र, आणि तिथून गोवा म्हणजे घराच्या मागच्या अंगणात गेल्यासारखंच. चंद्र डोक्यावर येईपर्यंत केरळ निघालेलं असतं. एका वर्षी व्हिएतनामपर्यंत गेलो होतो आम्ही, त्याच गच्चीवरून. तिथलं चलन, विमानाचं भाडं आणि शाकाहारी जेवणाची अडचण, सगळ्याचा ऊहापोह झाला. मग खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आवाज दिला, "अरे, बारा वाजले, झोपा आता," तेव्हा आम्ही व्हिएतनाम सोडून जिन्याने खाली उतरलो.

या सगळ्याची नोंद एका डायरीत होते. कुठल्याशा बँकेने कधीकाळी फुकट दिलेली, कव्हर सोललेली, आत दर पानावर रकाने. हे पान जवळून बघण्यासारखं असतं. वरती अधोरेखित 'कोकण दौरा (फायनल)'. खाली लाल शाईत 'फायनल' खोडून 'सुधारित'. मग वेळापत्रक. पहाटे ४.३० निघणे. ५.१५ पनवेल. ६.०० वडखळ, चहा, १० मिनिटे. ७.१५ माणगाव, नाश्ता, २० मिनिटे, मिसळ किंवा वडा, 'दोन्ही नाही'. ९.३० चिपळूण. समासात बारीक अक्षरांत 'सदाशिवला दर तासाला थांबावे लागते, १५ मि. धरणे'. सदाशिव म्हणजे सदाशिव नव्हे. डायरीतही प्रत्येकाला त्याने टोपणनाव दिलेलं आहे, कारण डायरी वहिनींच्या हाती लागते.

डोंबिवलीहून पहाटे साडेचारला चार कुटुंबं निघतील, हे ज्या माणसाला वाटतं त्याला माणसं कळत नाहीत असं तुम्ही म्हणाल. पण तसंही नाही. त्याला माणसं चांगलीच कळतात. रस्ता मात्र तो जुन्या नकाशावरून चालवतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा आमच्यातल्या एकाचा मुलगा बालवाडीत होता. तो आता इंजिनीअर व्हायला आला, सिव्हिलच घेतलंय त्याने. त्या रस्त्याने कुठली गाडी कुठल्या गावाला किती वाजता पोचेल, याची वेळ मिनिटांत लिहायला फार मोठी श्रद्धा लागते.

रेल्वे हा त्याचा दुसरा श्रद्धाविषय. कोकण रेल्वे १९९८च्या २६ जानेवारीला सगळीच्या सगळी सुरू झाली, तेव्हापासून तो 'एकदा मांडवीने जायचं, नुसतं खात खात' असं म्हणतोय. पूर्वी आरक्षण चार महिने आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. या बदलाने जेवढं दुःख त्याला झालं तेवढं रोजच्या प्रवाशांनाही झालं नसेल. "एकशेवीस दिवस होते तेव्हा माणसाला विचार करायला वेळ मिळायचा रे," तो म्हणतो. एकशेवीस दिवसांच्या काळात त्याने एकदाही तिकीट काढलं नव्हतं हे खरं, पण विचार पुरेपूर केला होता. आता साठच दिवस मिळतात, म्हणजे विचार अर्ध्यावर तोडावा लागतो. दिवाळीच्या आठवड्यातली कोकणकन्या उघडते तीच मुळी भरायला. आपण चहा गाळून येईपर्यंत वेटिंग सुरू. तरी तो हार मानत नाही. "तत्काळ आहे ना! एसीचं दहा वाजता, स्लीपरचं अकरा वाजता, आदल्या दिवशी." आदल्या दिवशी दहा वाजता तो कुठे असतो म्हणाल, तर चकल्या मोडल्या का म्हणून वहिनींची बोलणी खात असतो.

आता उरलेल्या मंडळींविषयी थोडं, कारण बेतकरी एकटा काही करू शकत नाही. त्याला साथीदार लागतात आणि ते आपोआप जमतात. एक असतो 'मला काहीही चालेल' म्हणणारा. या माणसाला काहीही चालत नाही. समुद्र म्हटलं तर त्वचा काळी पडते, डोंगर म्हटलं तर गुडघे, देवस्थान म्हटलं तर 'सुट्टीत पण देव?', आणि अष्टविनायक सोडून दुसरं काही म्हटलं तर 'निदान अष्टविनायक तरी करू या की'. दुसरा फक्त 'बजेट किती?' एवढं विचारायला उगवतो आणि आकडा ऐकून मावळतो. तिसरा 'मुलीला विचारून सांगतो' म्हणतो. त्याची मुलगी नेदरलँड्सला असते. तिचा या सहलीशी काय संबंध, हे अजून कुणाला कळलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचं नाव दरवर्षी बदलतं. 'मालवण', मग 'मालवण नक्की', मग 'मालवण किंवा इतर', आणि नरकचतुर्दशीला सकाळी पुन्हा 'जुने मित्र'.

बायकांचं या सगळ्याबद्दलचं मत एका वाक्याचं आहे. ते बेतकऱ्याच्याच बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा भर गच्चीत मांडलं. "अहो, तुम्ही चंद्रावर जा. मला फक्त एवढं सांगा, तिथे सकाळचा चहा कोण करणार?" त्यावर आमच्या समितीकडे उत्तर नव्हतं. फार्महाउसचा बेत तिथेच बारगळला. दरवर्षी घटस्थापनेनंतर वहिनी माळ्यावरून मोठी बॅग खाली काढतात, ऊन दाखवतात, चेन उघडून-लावून बघतात, आतल्या डांबराच्या गोळ्या बदलतात आणि बॅग परत माळ्यावर ठेवतात. "बॅगेला तेवढाच हवापालट," असं त्या म्हणतात.

शिवाय दिवाळी ही मुळात घरात बसायचा सण, हे बेतकरी दरवर्षी नव्याने शोधून काढतो. वसुबारस, धनत्रयोदशी सोडली तरी नरकचतुर्दशीला पहिली अंघोळ आईच्या हातची. लक्ष्मीपूजनाला घर बंद ठेवून चालत नाही. पाडव्याला बायकोची ओवाळणी, आणि पहिला दिवाळसण झालेला जावई घरात असला तर सासऱ्याची वेगळी ओवाळणी. भाऊबीजेला एक बहीण पुण्याला, एक नाशिकला, आणि दोघींनाही संध्याकाळीच वेळ. त्यानंतर शाळा उघडेपर्यंत जे चार दिवस उरतात, त्यांतला एक दिवस पोट बिघडण्यात जातो. चार कुटुंबांचे हे चार-चार दिवस एकमेकांवर ठेवून पाहिले तर एक गुरुवार तेवढा जुळतो. गुरुवारी डॉक्टरमित्राची ओपीडी असते.

मग हा माणूस करतो तरी कशाला एवढा खटाटोप? मी यावर थोडा विचार केला आहे. पन्नाशीला आलेल्या पुरुषांनी एकत्र बसून बोलायचं कशावर, ही मोठी अडचण आहे. राजकारण काढलं तर पुढच्या रविवारी दोघे येत नाहीत. मुलांचं काढलं तर ज्याचा मुलगा मागे पडलाय तो गप्प होतो आणि ज्याचा पुढे गेलाय तो गप्प होत नाही. तब्येतीचं काढलं तर अंगावर काटा येतो, कारण एकाला जे झालं ते आपल्यालाही झालेलं आहे असं घरी जाईपर्यंत वाटायला लागतं. पगाराचं कुणी काढत नाही, आणि जुन्या प्रेमप्रकरणांचे धागे पुरवून पुरवून विरलेत. सहलीचा बेत हा एकच विषय असा, की ज्यात कुणी हरत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तो गाडीविषयी बोलू शकतो, ज्याच्याकडे नाही तो एसटीविषयी. ज्याने काहीच पाहिलं नाही त्यालाही मालवणच्या माशांवर मत देता येतं. बेतकरी हा विषय दरवर्षी फुकटात पुरवतो, म्हणून तर त्याच्या चहाचे पैसे आम्ही देतो.

आता गंमत सांगतो. आमच्यात एक अबोल माणूस आहे. गच्चीवर तो दूध पितो, पेला विसळून ठेवतो आणि जातो. एका दिवाळीत भाऊबीजेनंतर अचानक त्याचा एक फोटो आला. पाठीमागे समुद्र, पुढे तो आणि बायको, दोघांच्या हातांत शहाळं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढून जोडपं निघालं होतं; तो चार दिवसांचा मिळतो आणि सात दिवसांचाही. ना बेत, ना डायरी, ना पोल. जी गाडी लागली असेल तीत बसले, जिथे आवडलं तिथे उतरले. ग्रुपवर दोन मिनिटं शांतता पसरली. मग बेतकऱ्याचा पहिला संदेश आला: "जेवलात कुठे?" अबोल माणसाने खानावळीचं नाव टाकलं. दुसरा संदेश: "अरेरे! तिच्या समोरच्या गल्लीत जायचं होतं." त्यानंतर त्याने फोन करून रस्ता, मुक्काम, उलट प्रवासाची गाडी, सोलकढीचा आंबटपणा अशी सगळी झडती घेतली. तो गेला म्हणून वाईट वाटलं नव्हतं त्याला. बेत न करता गेला, हे सहन होत नव्हतं.

आणि त्याच दिवाळीत मी पाडव्याला त्याच्या घरी गेलो होतो तेव्हाचं दृश्य. बनियन-लुंगीवर सोफ्यात मांडी घालून बसलेला, समोर फराळाचं ताट, फोन स्पीकरवर. पलीकडून आमच्यातलाच एकजण, बायकोमुलांसह गाडी काढून निघालेला, हताश आवाजात विचारत होता. बेतकरी चकली मोडत मोडत सांगत होता, "माणगाव आलं ना? गाड्या तुंबल्यात? तुंबणारच. माणगावात तुंबल्या नाहीत तर रस्ता चुकला असं समज. आता महाडच्या पाटीकडे जाऊ नकोस, उजवीकडे घे. पुढे म्हसळा लागेल, मग बोर्ली पंचतन, मग दिवेआगर. आणि ऐक, खानावळीत आत्ताच फोन करून माणसं किती ते सांग, मोदक हवेत तेही सांग. तिथे आयत्या वेळी कुणी उकड काढत बसत नाही." फोन ठेवला. पाच मिनिटांनी दुसरा आला, रोरोच्या बोटीसाठी भाऊच्या धक्क्यावर उभ्या असलेल्याचा. मग तिसरा, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून. पाडव्याच्या त्या सकाळी अर्धा महाराष्ट्र त्याच्या सोफ्यावरून फिरत होता. एकाचाही रस्ता चुकला नाही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एक फोन चिवडा संपलाय म्हणून वाण्यालाही करा." तोही त्याने केला.

त्याचा एक बेत सिद्धीस गेलाय, हे नोंदवलं नाही तर अन्याय होईल. मुलं लहान होती तेव्हा चार कुटुंबं खरोखर दिवेआगरला गेली. कशी गेली हे आजही कोडं आहे. बहुधा वहिनींनीच परस्पर टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली असावी. पहाटे साडेचारऐवजी साडेसातला निघालो, माणगावला मिसळ आणि वडा दोन्ही झालं, दुपारी सुपारीच्या वाडीत गार सावलीत जेवलो, संध्याकाळी मुलं पाण्यात, बायका वाळूत पाय पसरून. कुणी चहा करत नव्हतं आणि तरी चहा येत होता. बेतकरी मात्र अस्वस्थ. इकडे तिकडे बघ, घड्याळ बघ. सगळं झालं होतं, पुढे काहीच ठरवायचं उरलं नव्हतं, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ओल्या वाळूत काटकीने एक लांबट आकृती काढली. आम्हाला वाटलं, मुलांसाठी मासा. "हे केरळ," तो म्हणाला, "इथे मुन्नार. तिथे नीलकुरिंजी नावाचं फूल आहे, बारा वर्षांतून एकदाच फुलतं. सगळा डोंगर निळा होतो." त्याचा चेहरा उजळला. मंडळी सरकून जवळ आली. सूर्य मावळला तो कुणी बघितला नाही. आम्ही कोचीहून वर चढायच्या रस्त्याची चर्चा करत होतो.

नीलकुरिंजी २००६ला फुलली, २०१८ला फुलली. दोन्ही वेळा आमचा बेत पक्का होता. आता २०३०ला फुलायची आहे. डायरीत पान तयार आहे, आणि ते शाईने लिहिलंय, कारण या तारखेवर अधिक महिन्याची मात्रा चालत नाही.

तर वाचकहो, तुमच्याही मंडळात असा एक असेल तर त्याला जपा. रस्ता त्याला विचारा, कुठलं काय कुठल्या वारी बंद ते त्याला विचारा, खानावळ त्याने सांगितलेलीच धरा. कोजागिरीला त्याला दुधाचा जास्तीचा पेला द्या. फक्त तिकिटं त्याच्याकडे सोपवू नका. लक्ष्मीपूजनाची तारीख बघा, भाऊबीजेचा दुसरा दिवस धरा, त्यातून साठ दिवस वजा करा आणि त्या दिवशी सकाळी आठला पाच मिनिटं असताना स्वतः मोबाइल घेऊन बसा. तिकीट मिळालं तर निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ही गोष्ट त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. गेली तर तो तुम्हाला तारीख बदलायला लावेल, आणि त्याची कारणं बिनतोड असतील.